कोलेस्टेरॉलची गोळी मी बंद केली तेव्हा

मी डॉक्टर नाही. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, गाईम्हशींना इंजेक्शन द्यायचं, जखमा धुवायच्या, ही माझी नोकरी. सरकारी भाषेत पशुधन पर्यवेक्षक. नेकनूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मात्र मला सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. सत्तावीस वर्षं ते ऐकून ऐकून मलाही कुठंतरी ते खरं वाटायला लागलं होतं. पुढं जे झालं त्याला हेही कारण आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

हार्ट अटॅकनंतर एक गोळी रोज घ्यायला सांगतात. डॉक्टर तिला स्टॅटिन म्हणतात, आपण सगळे कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतो. हे लिहितोय ते तिच्याबद्दल. शहाणपण शिकवायला लिहीत नाही, तेवढा जोर आता माझ्यात नाही. पण तपासणीला गेलो की बाकावर शेजारी बसलेला माणूस हळूच विचारतो, "तुमी घेता का ती गोळी? पाय दुखतेत का तुमचे?" त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. हे त्याचं उत्तर आहे.

त्या दिवशी

नेकनूरच्या पलीकडं एका धनगरवस्तीवर लसीकरण होतं. सकाळी आठपासून शेळ्या टोचत होतो. शेळी गुडघ्यांत धरायची, मानेला चिमूट घ्यायची, सुई, सोडायची, पुढची. दहाच्या सुमाराला जबडा दुखायला लागला. मग छातीवर कुणीतरी उखळ ठेवल्यासारखं झालं. उपाशीपोटी दोनदा चहा झाला होता, मी ॲसिडिटी समजलो.

शेळ्या महादूआप्पांच्या होत्या. सत्तरीचा माणूस, बोलणं कमी. ते माझ्याकडं बघत उभे राहिले.

"साहेब, तोंड पांढरं पडलंय तुमचं. बसा."

"ॲसिडिटी हाय आप्पा. एवढ्या उरकतो."

"शेळी अशी धापाय लागली असती तर तुमी तिला चालू दिलं असतं का?"

उत्तर द्यायला माझ्याकडं श्वास नव्हता. त्यांच्या पुतण्याचा पिकअप होता, त्यात मला घातलं आणि बीडला आणलं. आप्पा स्वतः शेजारी बसले. रस्ताभर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अटॅक आलाय, लगेच आत घ्यावं लागेल. मी त्यांच्याशी वाद घातला हे आठवलं की आजही लाज वाटते. मी सडपातळ माणूस. तंबाखू नाही, दारू नाही, मटण सणालासुद्धा नाही, रोजची पायपीट. म्हणालो, मशीन परत लावून बघा. त्या म्हणाल्या, "लावून झालंय दोनदा. सही कोण करणार?"

सही मंगलनं केली, माझ्या बायकोनं. ती घरून तशीच निघून आली होती, मेथी निवडता निवडता. बोटं हिरवी होती. कागदावर सहीच्या बाजूला हिरवा डाग पडला तो मला झोपल्या जागेवरून दिसला. दुपारी मनगटातून नळी घालून एक स्टेंट बसवला.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल चांगलं होतं. मी तो कागद घडी करून उशीखाली ठेवला. आपल्यावर अन्याय झालाय याचा पुरावा असल्यासारखा.

वॉर्ड

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शफीकभाई होते. बसस्टँडजवळ फळांचा गाडा, वय अठ्ठावन्न. माझ्या दोन दिवस आधी त्यांना अटॅक आला होता. मोठा माणूस, मोठा आवाज, आणि त्या आवाजाला डॉक्टरांनी बंदी घातलेली, त्यामुळं ते कुजबुजायचे. त्यांची कुजबुजही चार खाटांपर्यंत जायची.

दवाखान्याचा दिवस साडेपाचला सुरू होतो. ताप, बीपी, सुई. मग बिनसाखरेचा चहा. मग डॉक्टरांची वाट. मग जेवण, त्यात मीठ नाही. मग परत वाट. मध्येच छातीत जरा कुठं चमकलं की मी हलायचं बंद करायचो. आत पत्र्यावर कुणीतरी उभं आहे आणि हललो तर पत्रा वाजेल, असं वाटायचं. शफीकभाईंना ते न बघता कळायचं.

"डॉक्टरसाब, काय होतंय?"

"काही नाही."

"मला बी तेच होतंय. काहीच न्हाई होत, तरी लई भीती वाटते."

मोठ्या माणसानं इतकं सरळ बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या आठ दिवसांत मला बरं वाटलं ते औषधांइतकंच त्या एका वाक्यानं. बाहेर बाकावर मंगल आणि त्यांची बायको जमीलाभाभी एका डब्यातून जेवायच्या. मंगलनं तिला काय काय सांगितलं कुणास ठाऊक, पण घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या गोष्टी भाभीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होत्या.

सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट समोर ठेवून समजावलं. एका गोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कायम घ्यायची. जेवणानंतर."

मी उशीखालचा कागद काढला. "मॅडम, माझं कोलेस्टेरॉल तर चांगलंय."

"ही नुसती तेवढ्यासाठी नाही. पुढच्या वेळी नीट सांगते."

बाहेर चाळीसेक माणसं बसली होती. पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लिफ्टमध्ये शफीकभाईंनी मला तीच गोळी दाखवली. "ही कशाची म्हणायची?"

"कोलेस्टेरॉलची," मी म्हणालो. डॉक्टरसाहेबांच्या आवाजात.

मांड्या

चार महिन्यांनी कामावर परत गेलो होतो. पहिल्यांदा वाटलं, बसून बसून पाय आखडले असतील. मांड्या जड. पिंढऱ्या ठणकतायत. पहिल्यांदाच डोंगर चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी होतं तसं, फक्त रोज. शेळी धरायला खाली बसलो की उठता यायचं नाही. एकदा महादूआप्पांनी न बोलता हात पुढं केला आणि मी तो धरून उठलो. सत्तरीच्या माणसाचा हात धरून बावन्नचा मी.

घरी कुणाला बोललो नाही. संडासात भारतीय भांडं होतं, तिथं भिंत धरून उठायचो. पायऱ्या टाळायचो. चिडचिड वाढली. भाजीत मीठ नाही म्हणून मंगलवर ओरडलो, खरं तर मीठ नको हे मलाच सांगितलेलं होतं. ती समजायची, आजारानं मन खचलंय. शेजारणींना तसंच सांगायची. मीही तसंच समजू दिलं. मन खचलंय हे ऐकायला बरं, पाय गेलेत हे नको.

त्यातच साखर किंचित वाढलेली निघाली. आधी कधीच नव्हती.

मग मी मोबाईलवर शोधायला बसलो. एक माणूस पांढरा कोट घालून सांगत होता की ही गोळी स्नायू खाते, साखर वाढवते आणि कंपन्यांनी ती लोकांच्या गळ्यात मारलीय. त्यातलं पहिलं मला होत होतं, दुसरं रिपोर्टात होतं, म्हणून तिसरंही खरं मानलं. शिवाय माझं कोलेस्टेरॉल चांगलं होतं. मग ही गोळी कावून? हिशेब मला एकदम स्वच्छ वाटला.

मी गोळी बंद केली. मंगल रोज पाकीट बघायची, म्हणून रोज एक गोळी काढायचो आणि न्हाणीच्या मोरीत टाकायचो. कित्येक महिने. बावन्न वर्षांचा नोकरदार माणूस बायकोच्या नजरेसाठी गोळ्या मोरीत टाकत होता, हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

तीन आठवड्यांत पाय हलके झाले. खरंच झाले. मला मोठा शोध लागल्यासारखं वाटलं.

गाडा

शफीकभाई तोवर गाड्यावर परत आले होते. सीताफळांचे दिवस होते. मी कामावरून येताना थांबायचो. त्या दिवशी क्रेट उचलताना ते मध्येच थांबले आणि कंबर धरली.

"हातपाय लई दुखतेत डॉक्टरसाब. म्हातारा झालो बगा."

"म्हातारे नाही झालात. ती कोलेस्टेरॉलची गोळी आहे ना, ती करते हे."

"खरं?"

"मी बंद केलीय. दोन महिने झाले. काही झालं नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. एक सीताफळ हातात होतं, ते दाबून बघून बाजूला ठेवलं. "मग मी बी बंद करू?"

यावर मी दवाखान्यात विचारा म्हणू शकलो असतो. दोन शब्द. मी म्हणालो, "बघा. मला तर फरक पडला."

त्यांनी चार सीताफळं पिशवीत घालून दिली. मी घेतली.

दोन महिन्यांनी सकाळी जमीलाभाभीचा मंगलला फोन आला. फळबाजारात क्रेट शफीकभाईंच्या उजव्या हातातून सुटली. उचलायला वाकले ते तिथंच बसले. तोंड वाकडं झालं होतं. लकवा.

मंगल

मी दवाखान्यात गेलो, तोच दवाखाना, तोच बाक. भाभीनं मला बघितलं आणि रडायला लागली. "आता तुमीच बगा डॉक्टरसाब." मी मान हलवली. औषधं आणून दिली, कागद घेऊन खिडकीवर उभा राहिलो, चहा आणला. तीन दिवस हेच केलं. आत जाऊन त्यांचं तोंड बघायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मंगलला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. आधी पायांचं सांगितलं, मग मोरीचं, मग गाड्यावरचं. तिनं गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पाय दुखतेत हे मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

"मी त्या दिवसापासून घाबरलेलीच हाय. तुमच्या घोरण्याचा आवाज थांबला तरी मी उठून बसते. अजून काय घाबरायचं राह्यलंय?"

तिनं दवाखान्यात न्यायच्या डब्याचं झाकण लावलं.

"शफीकभाईंला सांगणार का न्हाई?"

"सांगतो."

"कधी?"

त्यानंतर आठ दिवस मी गेलो नाही. मंगल रोज डबा घेऊन जायची आणि आल्यावर माझ्याकडं नुसतं बघायची.

तपासणी

शफीकभाईंना घरी सोडलं. महिन्याभरानं डॉक्टरबाईंकडं दाखवायचं होतं. त्यांच्या दोन्ही मुली सासरी, लांब. भाभीनं मला सोबत बोलावलं. "तुमाला त्यांची भाषा कळते," म्हणाली.

उजवा हात मांडीवर ठेवलेला, पाय ओढत, एकेक शब्द शोधत शफीकभाई खुर्चीत बसले. तो मोठा आवाज आता राहिला नव्हता. डॉक्टरबाईंनी फाईल बघितली.

"ही गोळी तुम्ही मध्येच बंद केली होती. का?"

शफीकभाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडं बघून म्हणाले, "इस... इसरलो."

भाभी म्हणाली, "न्हाई मॅडम, इसरले न्हाईत. कुणीतरी सांगितलं त्यांला. कोण, ते सांगत न्हाईत."

खोलीत पंखा चालू होता. शफीकभाईंचा डावा हात माझ्याकडं थोडासा हलला, गप्प बसा म्हणावं तसा.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

भाभीनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर सारखा केला, परत सारखा केला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी बंद केली?"

सांगितलं. पायाचं, साखरेचं, मोरीचं, सगळं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या थकल्यासारख्या दिसल्या. बाहेर तशीच चाळीस माणसं होती, पण या वेळी त्यांनी बेल वाजवली नाही.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतं, मी पुढच्या वेळी सांगते म्हणाले. आता ऐका. तुमचं कोलेस्टेरॉल बरं असताना अटॅक आला. म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो थर होता तो कच्चा होता. आतून सुजलेला. तो फुटला, तिथं रक्ताची गुठळी झाली. ही गोळी ती सूज उतरवते, थरावरचं आवरण घट्ट करते, म्हणजे तो सहजासहजी फुटत नाही. अटॅक झालेल्या माणसाला ती यासाठी. लकव्याचा धोकाही तिनं कमी होतो."

"मग यांचा लकवा माझ्यामुळंच आला का?" मी विचारलं. मला उत्तर हवं होतं, कुठलंही.

"ते मला सांगता येणार नाही. यांना बीपीही आहे. गोळी चालू असताना लकवा येतच नाही असं नाही. गोळी असती तर शक्यता कमी होती, एवढंच सांगू शकते."

ते उत्तर माझ्याबरोबर कायम राहणार आहे. हो म्हणाल्या असत्या तर रडलो असतो, नाही म्हणाल्या असत्या तर झोपलो असतो.

"आणि पाय?" शफीकभाईंनी विचारलं. अडखळत, पण विचारलं. मला वाटतं माझ्यासाठी विचारलं.

"पाय खोटं बोलत नाहीत. काहींना या गोळीनं स्नायू दुखतात. काहींची साखरही थोडी वाढते, मुळात काठावर असली तर. कधी दुसरंच कारण असतं आणि दोष गोळीला जातो. पण त्याला उपाय असतात. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, तपासता येतं. हे सगळं मला कळलं तर." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अंगात एकदम ताकदच राहिली नाही, लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. तसं फार क्वचित होतं, पण माहीत असावं."

माझं रक्त तपासलं. स्नायूंचा रिपोर्ट ठीक होता. थायरॉईड ठीक. ड जीवनसत्त्व मात्र अगदी तळाला गेलेलं. दिवसभर उन्हात हिंडणारा मी, पण पूर्ण बाह्या, टोपी आणि रुमाल बांधून. त्याची औषधं दिली. मग त्याच जातीची दुसरी गोळी, कमी ताकदीची, सुरू केली. शफीकभाईंचीही बदलून दिली.

बाहेर आल्यावर भाभी पुढं निघून गेली, रिक्षा बघायला. मी शफीकभाईंना धरून चाललो होतो.

"इसरलो कावून म्हणलात?"

त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागला. मी थांबलो.

"तुमचं नाव सांगून... हात वापस येणार हाय का?"

त्यात माफी होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही बहुतेक माहीत नसावं.

आता

आता त्या तपासणीला वर्ष होत आलं. गोळी रोज घेतो, मंगलच्या समोर. चढ आला की मांड्या अजून कुरकुरतात, पण खाली बसून उठता येतं. साखर काठावर आहे. साखरेचा चहा सोडला, जेवणानंतर फिरतो. डॉक्टरबाईंना दर वेळी पायांचं सांगतो, कधी त्या विचारायच्या आधीच. वस्तीवर कुणी माणसाचं औषध विचारलं तर सांगतो, मला शेळ्यांचं कळतं. लोकांना वाटतं मी शिष्ट झालोय. वाटू दे.

सगळं ठीक झालं असं म्हणवत नाही. दमलोय. अटॅक एका सकाळचा होता, त्याच्या मागचं हे सगळं रोजचं आहे. मनगटाची नाडी मोजायची सवय गेलेली नाही. आणि तो गाड्यावरचा प्रसंग दिवसातून एकदा तरी येऊन जातो. त्यावर गोळी नाही.

मंगळवारी आणि शनिवारी शफीकभाईंना व्यायामाला घेऊन जातो. गाडा आता त्यांचा पुतण्या बघतो, ते शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि डाव्या हातानं फळं निवडतात. बोलणं बरंच सुधारलंय. जमीलाभाभी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. मी दारात आलो की आत जायची. चहा यायचा, पण शफीकभाईंच्या हातून, सांडत सांडत. मी तिला दोष देत नाही. मंगलशी ती पहिल्यासारखीच आहे, आणि मंगलनंही मध्ये पडून काही जुळवायचा प्रयत्न केला नाही. बरं केलं.

गेल्या मंगळवारी व्यायामावरून परत आलो. शफीकभाई रिक्षातून उतरून आत गेले. मी रिक्षावाल्याशी बोलत मागं राहिलो होतो. वळलो तर भाभी उंबऱ्यात उभी होती.

"आज पाय कमी ओढला त्यांनी," ती म्हणाली. "बगितलं का?"

सरळ माझ्याकडं बघून. हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई भाभी. मी पाठमोरा होतो."

ती दाराची कडी हातात धरून म्हणाली, "मग शनिवारी बगा."